अडतिसावा रविवार

पुरस्कार देणारे देतात, घेणारे घेतात. पण मधे एक माणूस लागतो, जो कागद गोळा करतो. तो माणूस मी होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर गावात या गोष्टीच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या की काहींत मी आहे, काहींत मी नाही, आणि एकीत तर माझ्या जागी चक्क शेजारचा मिल्टन आहे.

ऑगस्टातला, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातला, थंडीचा मंगळवार. मी चुलीपाशी बसून येर्बा चहाचा तुंबा हातात धरून नळीने ओढत होतो आणि रेडिओ लागला होता. बातमी आली की काव्यातल्या जीवनगौरवाच्या राष्ट्रीय पुरस्कारासाठी नावं मागवली आहेत. कवी जिवंत हवा, सत्तरीच्या पुढचा हवा, किमान तीन पुस्तकं प्रसिद्ध झालेली हवीत. नाव सुचवायला 'कोणताही साधा नागरिक' चालेल. 'साधा नागरिक' हे शब्द कानावर पडले आणि मला कुणीतरी नावाने हाक मारल्यासारखं झालं.

"दोन्या एर्मिनिया!" मी ओरडलो.

"कुठे?" ग्लॅडिस दचकून खिडकीकडे बघायला लागली. ग्लॅडिस म्हणजे माझी बायको.

"खिडकीत नाही गं. पुरस्काराला! आपल्या मिनासमध्ये एवढी मोठी कवयित्री राहते, चौऱ्याऐंशी वर्षांची, आणि तिकडे राजधानीत, मोंतेविदेओत, कुणाला पत्ता नाही. मी अर्ज करणार."

"कर की. पस्तीस वर्षं पाणीखात्याच्या खिडकीत बसून लोकांचे अर्ज परत पाठवलेस. आता एक स्वतः करून बघ."

मी अर्ज परत पाठवत नव्हतो. अपुरे अर्ज परत पाठवत होतो. हा फरक ग्लॅडिसला चाळीस वर्षांच्या संसारात समजलेला नाही. मी तो पुन्हा समजावून सांगायच्या भानगडीत पडलो नाही.

दोन्या एर्मिनिया सिल्वेइरा आमच्यापासून तीन घरं सोडून राहतात. ('दोन्या' हे आमच्याकडे मोठ्या बाईला मानाने म्हणतात.) जन्मभर मुलींना शिवणकाम शिकवलं, आणि शिवणाच्या मधल्या वेळात कविता लिहिल्या. गावात प्रत्येकाला त्यांच्या चार ओळी पाठ होत्या आणि प्रत्येकाला त्यांच्या जिभेची भीती होती. पुरस्काराबद्दल त्यांचं मत मला ठाऊक होतं. एकदा मीच विषय काढला होता, तेव्हा म्हणाल्या होत्या, "विल्मार, पोरा, मागून मिळते ती भीक. मला मागायचंच असतं तर कविता कशाला लिहिल्या असत्या? अर्जच लिहिले असते." म्हणजे जे काय करायचं ते त्यांच्या नकळत करायला हवं होतं.

पहिली अडचण लगेच आली. पुस्तकं तीन हवी होती आणि दोन्या एर्मिनियांची होती दोन, दोन्ही बारीक, एकावर एक ठेवली तरी मेज डुगडुगायचं थांबणार नाही अशी. तिसरं होतंही आणि नव्हतंही. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी चौकात कासिमिरो झुनिनोची बेकरी होती. कासिमिरोला कविता आवडायच्या. कवयित्री त्याहून जास्त आवडायची असं जुनी माणसं म्हणतात, पण मी ऐकीव गोष्टी सांगत नाही. त्याने वर्षभर दर रविवारी बिस्कोचो, म्हणजे आमचे लोण्याचे छोटे पाव, बांधायच्या कागदावर त्यांची एक नवी कविता छापली. बावन्न रविवार, बावन्न कविता. अख्खं गाव प्रार्थनेहून परतताना गरम बिस्कोचो खायचं आणि बोटं चाटत कविता वाचायचं. हेच ते तिसरं पुस्तक. फक्त ते गावभर विखुरलं होतं आणि त्याला लोणी लागलेलं होतं.

मी मिल्टन तेचेराचा सल्ला घेतला. खरं म्हणजे घेतला नाही. मिल्टन शेजारी राहतो, त्यामुळे सल्ला भिंतीवरून आपोआप येतो. निवृत्त फुटबॉल पंच असल्यामुळे तो चुकीचा निर्णयही शिट्टी वाजवून देतो.

"रेडिओवर जाहीर कर," तो म्हणाला. "ज्याच्याकडे झुनिनोचे कागद असतील त्याने आणून द्यावेत."

"दोन्या एर्मिनिया दिवसभर रेडिओ ऐकतात, मिल्टन."

"मग एकेकाच्या कानात सांग. आणि प्रत्येकाला बजाव की दुसऱ्याला सांगू नकोस. म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल."

तसंच झालं. दुसऱ्या दिवसापासून कागद यायला लागले. सातव्या रविवारचा चमच्यांच्या खणात तळाला होता. एकोणिसावा न्हाव्याच्या आरशामागे निघाला. त्यासाठी आरसा काढावा लागला, आणि आरसा काढल्यावर भिंतीही काढावी लागेल की काय असं वाटायला लागलं. चोविसावा एका विधवेच्या प्रार्थनेच्या पुस्तकात होता, पण ती द्यायला तयार नव्हती. मागच्या बाजूला नवऱ्याने पेन्सिलीने भोपळ्याच्या जॅमची कृती लिहिली होती. शेवटी मी कृती उतरवून तिला चौकट करून दिली. नवरा गेला तेव्हा रडली नसेल इतकी ती चौकट बघून रडली.

लोहार ओरोस्मान एकतिसावा घेऊन आला. "ठेवून घे ही. ही वाचूनच मी माझ्या बायकोला मागणी घातली. परत आणायची गरज नाही." त्याच संध्याकाळी त्याची बायको आली. "आमची एकतिसावी इथे आलीय का? ती परत हवीय हं मला. झेरॉक्स काढा नाहीतर काहीही करा." माणसाचं लग्न कसं चाललंय हे कळायला कवितेसारखं साधन नाही.

या कागदांना लोणी, साखर आणि सत्तेचाळीस वर्षं लागलेली होती. तिसऱ्या दिवशी मुंग्यांना पत्ता लागला. त्या आधी सहाव्या रविवारावर आल्या आणि तिथून रांगेने पुढे सरकायला लागल्या. इतकं क्रमवार वाचन मी कुठल्या समीक्षकाचं पाहिलेलं नाही. मी मेजाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. ग्लॅडिस म्हणाली, "घरात चार वाट्या आहेत, विल्मार. आता सूप हातात घेऊन प्यायचं का?"

पंधरवड्यात एक्कावन्न कागद जमले. नव्हता तो अडतिसावा.

अडतिसावा कुणाकडेच नव्हता, आणि तो का नाही हे मात्र प्रत्येकाला माहीत होतं. त्या रविवारी आमच्या संघाचा अंतिम सामना होता. गावाने बिस्कोचो खाल्ले, कागद खिशात घालून मैदानावर गेलं, आणि पहिला गोल झाल्यावर सगळ्यांनी कागदाचे तुकडे करून हवेत उधळले.

"मीही उधळला," मिल्टन मान खाली घालून म्हणाला. "पंच असून. पण अडतिसावी सगळ्यांत चांगली होती, हे सांगतो."

हेच सगळे सांगत होते. न्हावी म्हणाला, "अडतिसावी? अहो, अंगावर काटा!" विधवा म्हणाली, "त्यातली शेवटची ओळ मी विसरूच शकत नाही." ओळ कुठली ते विचारलं तर तेवढी तिला आठवेना.

अर्जाची मुदत संपायला नऊ दिवस उरले होते. नियम होता की संग्रह 'संपूर्ण' असावा. पस्तीस वर्षं अपुरे अर्ज परत पाठवणारा माणूस स्वतः अपुरा अर्ज घेऊन कुठल्या तोंडाने जाणार? मिल्टनने भिंतीवरून डोकं वर काढलं आणि असा निर्णय दिला की कुठल्याही मैदानावर त्याला दगड पडले असते.

"तूच लिही."

"काय?"

"अडतिसावी. एक तर हवी. माझ्याकडे क्लबाच्या लॉटरीची तिकिटं छापायचं हातयंत्र आहे. झुनिनोच्या मुलीकडे माळ्यावर त्या कोऱ्या कागदाचं एक भेंडोळं पडलंय. कुणाला कळतंय?"

मी रागावलो. नकार दिला. नकार देऊन घरी आलो आणि लिहायला बसलो. मला माहिती असलेली एकच गोष्ट होती, पाणीपुरवठा. दोन दिवसांत मी बारा ओळी लिहिल्या. सुरुवात अशी होती:

नळ उघडला. आधी एक उसासा आला,
मग गंज, मग बराच वेळ काहीच नाही.
आम्ही भांडं धरून उभे राहिलो.

छापून झाल्यावर कागद फार स्वच्छ दिसायला लागला म्हणून त्यावर लोणी चोळलं. ग्लॅडिस दारात उभी राहून बघत होती. "लोणी संपलं त्याचं काही नाही," ती म्हणाली. "पण हे मला आवडलेलं नाही." मला वाटलं ती कवितेबद्दल बोलतेय. मनाला लागलं.

मग नोटरी. आमच्या नोटरीबाई माबेल पिंतोस यांनी एकेका कागदावर शिक्के मारले. प्रत्येक शिक्क्यानंतर त्या रुमालाने बोटं पुसत होत्या. "मी फक्त एवढंच लिहितेय की हा कागद मी पाहिला," त्या म्हणाल्या. "वाचला असं कुठेही लिहीत नाही." त्या वेळी हे मला तुसडेपणाचं वाटलं, नंतर मी त्या वाक्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

अर्जावर कवीची संमतीची सहीही लागत होती. रात्रंदिवस त्याच विचारात होतो. ग्लॅडिसने अर्ज बाजाराच्या पिशवीत घातला, बटाटे आणायला गेली आणि बटाट्यांबरोबर सही घेऊन आली. "कशी आणलीस?" "आणली." मी गृहीत धरलं की रस्त्यावरच्या दिव्यासाठीचा अर्ज म्हणून सांगितलं असणार. बायकांना खोटं किती सहज बोलता येतं, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला. लोणी चोळलेल्या हातांनी मी हा विचार करत होतो.

मोंतेविदेओच्या पुरस्कार कार्यालयात खिडकीत लोकरी बंडी घातलेला एक कारकून होता. त्याने पुडकं जवळ ओढलं, वास घेतला आणि परत सरकवलं.

"खाद्यपदार्थ स्वीकारत नाही."

"हे पुस्तक आहे."

"पुस्तकाला कणा असतो."

"कवीला कणा आहे, तेवढा पुरे नाही का?" मी म्हणालो. हे वाक्य मला अजूनही आवडतं.

"कवीचा फॉर्म वेगळा आहे," तो म्हणाला. "आणि प्रकाशनाचा नोंदणी क्रमांक कुठाय?"

त्याची मान हलवायची पद्धत, चष्म्यावरून बघणं, फॉर्म परत करताना तो बोटाने नेमका आपल्या बाजूला वळवणं, हे सगळं मी ओळखलं. पस्तीस वर्षं मी आरशात तेच बघत होतो. त्या खिडकीसमोर मला पहिल्यांदाच कळलं की आपण किती चीड आणणारे गृहस्थ होतो.

कणा समोरच्या चांभाराने घातला. त्याच्याकडे बुटाचं पिवळं कातडंच शिल्लक होतं. त्यामुळे संग्रह दिसायला पट्ट्यासारखा झाला, पण तो ताठ उभा राहायला लागला. क्रमांकासाठी मात्र मिनासला परत यावं लागलं. तीन दिवस नगरपालिकेच्या दप्तरात धूळ खाल्ल्यावर झुनिनोच्या बेकरीची नोंद सापडली. 'खाद्यवेष्टन, मजकुरासह, आरोग्यास अपायकारक नाही. क्रमांक ११४.' मी तो क्रमांक फॉर्मवर लिहिला. दुसऱ्या खेपेला कारकुनाने एकशे चौदा बघितले, त्याचा चेहरा निवळला आणि शिक्का पडला. कसला क्रमांक हे त्याने विचारलं नाही. मीही कधी विचारलं नसतं.

यानंतर दीड महिना काहीच घडलं नाही. मग एका सकाळी रेडिओवर दोन्या एर्मिनियांचं नाव आलं. पुरस्कार त्यांना!

मी आणि मिल्टनने भिंतीवरूनच एकमेकांना मिठी मारली. चर्चची घंटा कुणीतरी विनाकारण वाजवली. आणि मग निवेदिका परीक्षक मंडळाचं मनोगत वाचायला लागली. "बेकरीच्या कागदावरच्या या संग्रहात अडतिसावी कविता विशेष उठून दिसते. 'मग बराच वेळ काहीच नाही' या ओळीत एका संपूर्ण पिढीचं मौन..."

मी रेडिओचा आवाज कमी केला. चौकातून न्हावी ओरडत येत होता, "मी सांगत होतो! अडतिसावी!"

अर्ध्या तासात निरोप आला की दोन्या एर्मिनियांनी बोलावलंय. तीन घरांचं अंतर. त्या दिवशी ते मोंतेविदेओपेक्षा लांब वाटलं.

त्या खिडकीपाशी शालीत बसल्या होत्या. "बस," त्या म्हणाल्या. तुंबा माझ्या हातात दिला. मी नळी तोंडात घेतली. बोलावं लागू नये म्हणून बराच वेळ ओढत राहिलो, अगदी रिकामी घुरघुर यायला लागली तरी.

"अडतिसावी कुणी लिहिली, विल्मार?"

"गावात सगळ्यांना आठवते ती..." मी चाचरलो.

"सगळ्यांना आठवते? छान. मला नाही आठवत. त्या रविवारी कविता नव्हतीच." त्या पुढे झुकल्या. "सदतिसाव्या कवितेच्या मधोमध त्या कासिमिरोने छापलं होतं, 'आज चीजचे बिस्कोचो ताजे.' दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्याच्या मधे! मी भांडले. पुढच्या आठवड्याला कविता दिली नाही. त्यानेही हट्टाने कोरा कागद बांधला. म्हणून तर लोकांनी सामन्यात फाडून उधळला. कविता असती तर फाडला असता का?"

काटा आलेला न्हावी, शेवटची ओळ न विसरणारी विधवा, सगळे डोळ्यांसमोरून गेले. मग मी सगळं सांगितलं, हातयंत्रापासून लोण्यापर्यंत.

"मी पत्र लिहितो," मी म्हणालो. "चूक माझी आहे. पण तुमचा पुरस्कार जाईल, दोन्या एर्मिनिया. तुम्हाला न विचारता मी..."

"न विचारता? ग्लॅडिसने पहिल्याच आठवड्यात येऊन सरळ विचारलं होतं मला. मी म्हटलं, सही करते, पण त्याला सांगू नकोस. तो कोपऱ्याकोपऱ्यांतून कागद पोटाशी धरून पळतोय, इतका खूश तो नोकरीत कधी दिसला नव्हता." त्या हसल्या नाहीत, पण शाल हलली. "पुरस्कार नको असं मी म्हणत होते ना? म्हातारपणी माणूस थोडा हावरट होतो. मला हवा होता रे. म्हणून जास्त वाईट वाटतंय."

मी तुंबा पुन्हा भरून त्यांच्यासमोर ठेवला.

"पत्र लिहायचं नाही," त्या म्हणाल्या. "पत्र तीन टेबलांवरून फिरेल आणि मी मरेन. समारंभाला जाऊ आणि तिथेच सांगू. परत घेतला तर घेतला."

ग्लॅडिसला मी घरी येऊन विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तू मला लोण्याबद्दल सांगितलं होतंस?"

नोव्हेंबरात आम्ही चौघं बसने गेलो. मिल्टन काळा सूट घालून आला होता. तो त्याने पंच म्हणून शिवला होता, त्यामुळे खिशात शिट्टी होती. सभागृह भरलेलं, पुढच्या रांगेत मंत्री, परीक्षक, आणि बंडीऐवजी टाय लावलेला माझा कारकून. परीक्षक मंडळाच्या अध्यक्षांनी पंधरा मिनिटं भाषण केलं, त्यातली दहा अडतिसाव्या कवितेवर. नळ म्हणजे इतिहास, गंज म्हणजे स्मृती, भांडं म्हणजे जनता. प्रत्येक अर्थाला मी खुर्चीत एकेक इंच खाली जात होतो.

दोन्या एर्मिनियांच्या गळ्यात पदक घातलं गेलं. त्या काठी टेकत माइकपाशी गेल्या आणि माइक खाली ओढला.

"ही अडतिसावी कविता माझी नाही," त्या म्हणाल्या.

पुढच्या रांगेत माझ्या कारकुनाने टाय सैल केला.

"त्या रविवारी मी कविता दिली नव्हती. कागद कोरा होता. ही कविता आमच्या शेजारच्या विल्मार आर्बिसाने लिहिली आहे. तो पाणीखात्यात होता. त्याने ती मला पुरस्कार मिळावा म्हणून लिहिली, आणि लबाडी केली. मला ती आवडलेली नाही. लबाडीही नाही आणि कविताही. आता ते पदक हवं असेल तर काढून घ्या. पण हळू काढा, केस अडकलेत."

अध्यक्ष गृहस्थांचा चेहरा बिस्कोचोला चीज लावावं तसा पिवळा पडला. मंत्र्यांनी परीक्षकांकडे पाहिलं, परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. पाच म्हातारी डोकी जवळ आली. त्यांची कुजबुज चालू असताना, कसं कोण जाणे, मिल्टनच्या हातून शिट्टी वाजली. अख्खं सभागृह हसलं. त्यातून जरा मोकळं झालेले अध्यक्ष माइकपाशी आले. "उरलेल्या एक्कावन्न कविता दोन्या एर्मिनियांच्याच आहेत ना?"

"आहेत. पण सदतिसावीतला चीजचा भाग कासिमिरोचा."

"मग मंडळाचा निर्णय कायम आहे," ते म्हणाले, आणि पदक काढायच्या ऐवजी त्यांनी अडकलेला केस सोडवून दिला. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. कुणीतरी ओरडलं, "पाणीखातं कुठाय?" ग्लॅडिसने मला कोपराने ढोसलं. मी उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा इतके लोक मला बघून टाळ्या वाजवत होते आणि त्यातले निम्मे हसत होते. नेमके कुठले निम्मे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

परतीच्या बसमध्ये दोन्या एर्मिनिया खिडकीपाशी बसल्या होत्या. बाहेर डोंगर दिसायला लागले. मग म्हणाल्या, "'बराच वेळ' कशाला?"

"काय?"

"'मग गंज, मग बराच वेळ काहीच नाही.' काहीच नाही म्हटल्यावर वेळ लागणारच. दोन शब्द फुकट घातलेस. सोमवारी वही घेऊन ये."

सोमवारी मी वही घेऊन गेलो. तेव्हापासून दर सोमवारी जातो. लोक म्हणतात, विल्मार आता कवी झाला. दोन्या एर्मिनिया म्हणतात, विल्मार आता खोडायला आणून देतो. त्यांच्याकडे एक लाल पेन्सिल आहे. पहिल्या सोमवारी त्यांनी माझं पान सगळंच खोडलं, तारखेसकट. दुसऱ्या सोमवारी तारीख राहिली. पुढे कधी एखादा शब्द बचावला, कधी एखादा स्वल्पविराम.

गेल्या सोमवारी मी कविता दिली. त्यांनी चष्मा लावला, वाचली, पेन्सिल फिरवली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, चौथी गेली. तिसरी तशीच राहिली. दोन्या एर्मिनियांनी वही माझ्याकडे सरकवली.

"ही ठेवलीत?" मी हळूच विचारलं. "चांगली आहे का?"

"छे! पेन्सिलीचं टोक मोडलं."

मी मुकाट्याने उठलो, खणातली सुरी शोधली आणि त्यांना टोक करून दिलं.